अरुंधतीन्यायाने एका अभ्रिकेकडे

विवाहात सप्तपदी झाल्यावर, रात्र पडली म्हणजे, वराने वधूस ध्रुव आणि अरुंधती दाखवावी, असा विधी गृह्यसूत्रांच्या काळापासून आपल्याकडे चालत आला आहे. हल्ली गुरुजी मंगल कार्यालयाच्या दाराशी उभे राहून उत्तरेकडे बोट करतात, वधूवर माना वर करतात, आणि छायाचित्रकार तो प्रसंग टिपून घेतो. बोटाच्या टोकाशी तारा दिसतोच असे नाही. कार्यालयाच्या दर्शनी भागावर लावलेल्या दिव्यांच्या झोतात सप्तर्षींपैकी दोन-तीन ऋषी कसेबसे तग धरून असतात. अरुंधती तर बहुधा श्रद्धेनेच पाहावी लागते.

या अरुंधतीवरून आपल्या शास्त्रकारांनी एक सुंदर न्याय बसविला आहे. अरुंधती हा अंधुक तारा. एकदम दाखवू गेल्यास नवख्याच्या दृष्टीस सापडत नाही. म्हणून दाखविणारा प्रथम शेजारच्या ठळक ताऱ्याकडे बोट करून 'हीच अरुंधती' म्हणतो. दृष्टी तेथे स्थिर झाली म्हणजे 'ही नव्हे, हिच्या लगतची ती' असे सांगून खऱ्या अरुंधतीवर नेतो. स्थूलाच्या आधाराने सूक्ष्माकडे जाण्याच्या या रीतीस वेदान्ती स्थूलारुंधतीन्याय म्हणतात. गंमत अशी की, जगातील सर्व हौशी आकाशनिरीक्षक आजही दुर्बीण रोखताना हाच न्याय चालवितात. फक्त त्याचे नाव त्यांस ठाऊक नसते. या महिन्याच्या लेखात वाचकांस याच न्यायाने, याच सप्तर्षींच्या आश्रमात, अरुंधतीहून कितीतरी सूक्ष्म अशा एका वस्तूकडे न्यावे, असा आमचा मानस आहे.

यास निमित्तही तसेच घडले. गेल्या काही दिवसांत दोन-तीन निरनिराळ्या घरांतून आम्हांस जवळजवळ एकाच शब्दांत विचारणा झाली. घरातील मुलगा अथवा मुलगी, शिकलेली, मिळवती किंवा मिळवती होऊ घातलेली, दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन अमावास्येच्या सुमारास रानावनात जाते, रात्रभर जागते आणि पहाटे परत येऊन संगणकावर एक धुरकट ठिपका दाखविते. 'मास्तर, यात हशील काय? याच वस्तूची लाखपटीने चांगली चित्रे अवकाशातील हबल दुर्बिणीने काढून ठेवली आहेत आणि ती कोणासही फुकट पाहावयास मिळतात. मग हा खर्च आणि ही जागरणे कशासाठी?' प्रश्न रास्त आहे. ज्या घरात चार भावांचा संसार एका चुलीवर चालतो, तेथे एकाच्या छंदाचा खर्च हा सर्वांच्या विचाराचा विषय असतो. म्हणून उत्तरही नीट, पायरीपायरीने दिले पाहिजे.

प्रथम ही वस्तू कोणती ते पाहू. आकाशात ताऱ्यांसारखे टोकदार न दिसता ढगाच्या पुंजक्यासारखे दिसणारे जे काही असते, त्यास मराठीत अभ्रिका असे नाव रूढ झाले आहे. अभ्र म्हणजे मेघ. त्याचे हे लाडके लघुरूप. यांपैकी काहींस वाटोळे, ग्रहासारखे बिंब दिसते. त्यांस बिंबाभ्रिका म्हणतात. विल्यम हर्शेल याने १७८१ साली युरेनस ग्रह शोधला आणि त्यानंतरच्या वर्षांत आकाश धुंडाळताना ग्रहबिंबाची आठवण करून देणाऱ्या या अभ्रिका त्यास आढळल्या. त्याने त्यांस ग्रहांवरून नाव दिले, आणि तेच इंग्रजीत आजवर टिकले. वास्तविक ग्रहांचा येथे काडीचाही संबंध नाही. आमच्या मते मराठी शब्द इंग्रजी शब्दाहून अधिक प्रामाणिक आहे, कारण तो केवळ जे दिसते तेवढेच सांगतो.

बिंबाभ्रिका म्हणजे ताऱ्याचा वानप्रस्थाश्रम होय. आपल्या सूर्याएवढ्या किंवा त्याहून काहीशा मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यातील इंधन सरत आले म्हणजे तो फुगून प्रचंड व तांबडा होतो आणि आपली बाह्य आवरणे हळूहळू अवकाशात सोडून देतो. आत उरतो तो लहानसा, अत्यंत तप्त गाभा. त्याच्या अतिनील किरणांनी बाहेर पडलेला वायू प्रकाशू लागतो. हा देखावा काही सहस्र वर्षे, फार तर काही दशसहस्र वर्षे टिकतो. पुढे वायू विरून जातो आणि गाभा श्वेतबटू होऊन निवत राहतो. या श्वेतबटूच्या वस्तुमानास कमाल मर्यादा आहे, ती सूर्याच्या सुमारे १.४ पट, हे आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी ऐन विशीत दाखवून दिले आणि १९८३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, हे वाचकांस ठाऊक असेलच. ताऱ्याने जन्मभर गाभ्यात शिजविलेला कार्बन व नायट्रोजन या विरत्या वायूबरोबर अवकाशात वाटला जातो आणि पुढील ताऱ्यांच्या व ग्रहांच्या घडणीस लागतो. संचय केला आणि शेवटी दान केले, असे हे चरित्र. सूर्यही सुमारे पाच अब्ज वर्षांनी याच वाटेने जाणार आहे.

आता अरुंधतीन्याय चालवू. सप्तर्षींचा चौकोन पाहावा. ध्रुवाकडे बोट दाखविणारे जे दोन तारे, त्यांतील ध्रुवाच्या बाजूचा क्रतु आणि त्यामागचा पुलह. चौकोनाच्या तळाशी पुलहाचा सोबती पुलस्त्य. पुलहाकडून पुलस्त्याकडे जी रेषा जाते, तिच्यावर सुमारे पाव अंतर चालून जावे आणि तेथून ध्रुवाच्या उलट बाजूस किंचित, म्हणजे चंद्रबिंबाच्या दीडपट अंतरावर, उतरावे. तेथे साध्या डोळ्यांस काहीही दिसणार नाही. परंतु तेथेच ती आहे. फ्रान्समधील पिएर मेशें याने १७८१ च्या फेब्रुवारीत ती प्रथम पाहिली. शार्ल मेसिए याच्या सुप्रसिद्ध यादीत तिचा क्रमांक ९७. पुढे आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस याने आपल्या अजस्र दुर्बिणीतून १८४८ साली तिचे रेखाचित्र काढले; वाटोळ्या चेहऱ्यात दोन काळे डोळे दिसल्यामुळे तिला घुबड-अभ्रिका हे नाव पडले. आपल्या घरांत घुबडाचे नाव संध्याकाळी कोणी घेत नाही. पण कौशिक हे त्याचेच संस्कृत नाव आहे आणि ते एका ऋषिकुळाचेही आहे, तेव्हा ऋषींच्या आश्रमात त्याने वस्ती केल्यास कोणी विटाळ मानू नये.

ही अभ्रिका किती मंद? तिची प्रत सुमारे ९.९ आहे. निबिड अंधारात निरोगी डोळ्यास सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. म्हणजे डोळ्याच्या शेवटच्या मर्यादेहूनही ही सुमारे छत्तीसपट मंद. आणि तेवढा तुटपुंजा प्रकाशही एका बिंदूत नाही, तर चंद्राच्या व्यासाच्या नवव्या हिश्श्याएवढ्या बिंबावर पसरलेला. तिच्या मध्यभागीचा तारा तर सोळाव्या प्रतीच्या आसपासचा. आठ इंची दुर्बिणीतून अंधाऱ्या गावी ती फिकट राखेच्या टिकलीसारखी भासते; डोळे दिसणे ही तर भाग्याची गोष्ट.

येथेच छायाचित्राचे काम सुरू होते. मनुष्याच्या डोळ्यात प्रकाश साठत नाही. सेकंदाच्या अल्प अंशात जेवढा आला तेवढ्यावरच मेंदूस समाधान मानावे लागते. कॅमेऱ्याचा पडदा मात्र तासन्‌तास थेंब थेंब गोळा करू शकतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही आपली म्हण या विद्येचे मुख्य सूत्र होय. हेन्री ड्रेपर या अमेरिकन वैद्याने ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील अभ्रिकेचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यास ५१ मिनिटे काच उघडी ठेवावी लागली. पुढे १८८६ साली हंगेरीतील येनो गोथार्ड याने आपल्या गावच्या खाजगी वेधशाळेतून अभिजित ताऱ्याजवळील कंकणाकृती बिंबाभ्रिकेचे छायाचित्र घेतले आणि तिच्या मधोमध असलेला तारा त्यात उमटला. या आरंभीच्या मंडळींपैकी कितीतरी जण पोटासाठी दुसराच व्यवसाय करणारे अथवा स्वतःच्या खर्चाने विद्या करणारे होते, ही गोष्ट 'हशील काय' असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

लंडनच्या विल्यम हगिन्सचे उदाहरण तर सर्वांत बोलके. आपल्या घरच्या बागेतील वेधशाळेतून २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री त्याने कालेय तारकासमूहातील एका बिंबाभ्रिकेवर वर्णपटदर्शक रोखला. अभ्रिका म्हणजे दूर असल्यामुळे धूसर दिसणारे ताऱ्यांचे थवेच, असे तोवर अनेक विद्वान मानीत. तसे असते तर अखंड सप्तरंगी पट्टा दिसावयाचा. दिसल्या त्या मोजक्याच तेजस्वी रेषा, म्हणजे तो विरळ वायू होता! त्यांतील मुख्य हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. तेव्हा 'नेब्युलियम' नावाचे नवे द्रव्यच कल्पिले गेले. शेवटी १९२७ साली आयरा बोवेन याने उलगडा केला की, ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची आहे; वायू अतिशय विरळ असल्याखेरीज ती उमटत नाही, म्हणून प्रयोगशाळेत ती कधी दिसली नव्हती. आपण श्वासात घेतो तोच प्राणवायू, पण ओळख पटावयास त्रेसष्ट वर्षे लागली.

या शोधाच्या साखळीत महाराष्ट्राचीही एक कडी आहे. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली आणि तेथील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिच्यात वीस इंची आरशाची दुर्बीण बसविली. त्या काळी हिंदुस्थानात तिच्याएवढी मोठी दुर्बीण नव्हती. नायगमवाला यांनी तिच्या साहाय्याने मृगातील अभ्रिकेच्या याच हिरव्या रेषेची तपासणी केली. ती रेषा पसरट आहे की रेखीव, यावर विलायतेत मोठा वाद चालू होता. पुण्यातील निरीक्षणात ती रेखीवच आढळली आणि तो वृत्तांत १८९१ साली विलायतेस प्रसिद्ध झाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाले तेव्हा वेधशाळा बंद करण्यात आली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका मनुष्याच्या निवृत्तीबरोबर विद्येचे दुकान बंद व्हावे, ही गोष्ट आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाच्या मनास लागते. पुढे १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. ती हौशी लोकांची असल्यामुळे कोणाच्या निवृत्तीने बंद पडली नाही आणि आजही चालू आहे.

आता प्रत्यक्ष कृती. दुर्बिणीचे नाभ्यंतर एक मीटर असेल, तर घुबड-अभ्रिकेचे बिंब कॅमेऱ्याच्या पडद्यावर बरोबर एक मिलिमीटर रुंदीचे पडते. मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा या चित्रात डोळे उमटवावयाचे! त्यात पृथ्वी स्वस्थ बसत नाही. तिच्या फिरण्यामुळे ही अभ्रिका दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून सरकत असते. सुमारे चोवीस सेकंदांत ती आपल्या रुंदीइतकी पुढे गेलेली असते. म्हणून दुर्बिणीची बैठक अशी हवी की, तिचा एक आस ध्रुवाकडे रोखलेला असेल आणि विजेचे यंत्र तिला पृथ्वीच्या उलट दिशेने त्याच गतीने फिरवील. नागपुरात ध्रुव क्षितिजापासून अवघा एकवीस अंश वर असतो. समोरच्या इमारतीने तो झाकला तर बैठक लावणेच कठीण होते. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या दक्षिणेस दुर्बीण मांडणाऱ्यास याचा प्रत्यय येतो.

चित्र एकदम घेत नाहीत. पाच-पाच मिनिटांची शेकडा चित्रे अनेक रात्री घ्यावयाची आणि संगणकाने एकावर एक बसवावयाची. याचे कारण गणिती आहे. अभ्रिकेचा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी पडतो, म्हणून चित्रांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. खरखर मात्र कधी येथे, कधी तेथे उमटते, म्हणून ती संख्येच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दहा तासांत पाच मिनिटांची एकशेवीस चित्रे होतात. त्यांच्या बेरजेत स्पष्टता एका चित्राच्या सुमारे अकरा पट येते. दुप्पट स्पष्टता हवी असेल, तर चौपट जागरण. सत्य एकसारखे बोलते आणि असत्य दर वेळी निराळे बोलते, म्हणून पुष्कळ साक्षी घेतल्या की सत्य वर येते, हा न्यायालयातील अनुभव येथे आकाशात लागू पडतो.

यांखेरीज दुर्बिणीच्या तोंडावर झाकण ठेवूनही चित्रे घेतात, ती कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेने उमटलेला दोष वजा करण्यासाठी. आणि समप्रकाशित पांढऱ्या पृष्ठभागाची घेतात, ती भिंगावरील धूळ व कडांची काळोखी काढण्यासाठी. दुसऱ्याकडे पाहण्यापूर्वी स्वतःचे दोष मोजून ठेवावे, ही शिस्त यंत्रासही चुकली नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात रात्रीही यंत्र तापलेले राहते, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा विजेने शून्याखाली थंड ठेवावा लागतो.

वेळेचाही योग साधावा लागतो. अभिजिताजवळची कंकणाकृती अभ्रिका आपल्याकडे रात्रीच्या प्रहरी ऐन माथ्यावर येते ती नेमकी पावसाळ्यात. विदर्भाचे आभाळ तेव्हा झाकलेले. घुबड-अभ्रिकेचे तसे नाही. ती मार्चच्या पूर्वार्धात मध्यरात्रीच्या सुमारास आणि एप्रिलच्या मध्यास रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास उत्तरेस सर्वांत उंच, सुमारे छप्पन्न अंशांवर असते. आभाळ तेव्हा कोरडे असते. चंद्र नसावा, म्हणून अमावास्या पाहावी. आणि या दिवसांतली अमावास्या म्हणजे फाल्गुनी अमावास्या, गुढीपाडव्याची आदली रात्र. ज्या तिथीस आपण प्रवास टाळतो, तीच या लोकांची पर्वणी.

परंतु नागपूर शहरातून हे कार्य कितपत होईल? पूर्वी रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे असत. त्यांचा प्रकाश वर्णपटात मुख्यत्वे एका ठिकाणी गोळा झालेला असे आणि गाळणीने तो अडविता येई. आता आलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो. त्यातील निळा भाग हवेत अधिक विखुरतो आणि प्राणवायूच्या त्या हिरव्या रेषेच्या जागीही तो येऊन बसतो. यावर तोड म्हणून हौशी लोक अतिशय अरुंद गाळणी वापरतात. ती केवळ प्राणवायूची ५००.७ नॅनोमीटरची किंवा हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा आणि तिच्या आजूबाजूचे तीन ते सात नॅनोमीटर एवढेच आत सोडते. अशा गाळणीने शहराच्या गच्चीवरूनही बिंबाभ्रिका टिपता येते. ताऱ्यांचे थवे आणि दूरच्या दीर्घिका मात्र सर्व रंगांत प्रकाशत असल्यामुळे त्यांस ही गाळणी तारू शकत नाही. त्यांच्यासाठी अंधारच हवा.

आणि अंधाराच्या बाबतीत नागपूरकर भाग्यवान ठरले आहेत. शहराच्या उत्तरेस असलेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले अंधार-आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. बावनथडी जलाशयाजवळ आकाशदर्शनाची सोय करण्यात आली आणि वाघोडा, सिल्लारी यांसारख्या आसपासच्या गावांतील शंभराहून अधिक दिव्यांचे झोत खाली जमिनीकडे वळविण्यात आले. वाघांसाठी राखलेले रान ताऱ्यांसही उपयोगी पडले. तेथील गावे अंधारात बुडाली नाहीत. वाटेवर उजेड आहेच, फक्त तो आकाशात वाया जात नाही.

आमच्या शेजारच्या आळीतील एका कुटुंबात याच पेंचवरून बराच वाद झाला, तो येथे सांगण्यासारखा आहे. घरातील अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास असलेली नात हौशी निरीक्षकांच्या मंडळीबरोबर तिकडे जाऊ इच्छीत होती. आजींचे म्हणणे तीन शब्दांत होते: रात्र, रान, अमावास्या. वडिलांस परीक्षेची चिंता. थोरल्या काकांस खर्चाची, कारण उपकरणांस एका चांगल्या दुचाकीहून अधिक रक्कम लागणार होती. आम्हांस मध्यस्थीस बोलाविले. आम्ही मुलीस एवढेच विचारले की, तुला नेमके काय करावयाचे आहे? तिने एक वही पुढे ठेवली. तीत वर्षभराच्या नोंदी होत्या: तिथी, वेळ, आभाळाची स्थिती, कोणता तारा कोठवर दिसला. घरच्या गच्चीवरून साध्या द्विनेत्रीने तिने हे केले होते आणि घरात कोणास पत्ताही नव्हता. आम्ही ती वही काकांच्या हाती दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, 'मंगळवारच्या या नोंदीत नुसते ढग लिहिले आहेस. मग लिहिलेसच कशाला?' मुलगी म्हणाली, 'त्या रात्री मी पाहिले होते, म्हणून.' काका यावर काही बोलले नाहीत. पण खर्चाचा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही. ठरले ते असे की, उपकरणे मंडळीतील चौघांनी मिळून घ्यावी, परीक्षेच्या महिन्यात जाऊ नये, आणि पहिल्या खेपेस काकांनी व आजींनी सोबत जावे. आजी पुष्कळ कुरकुर करून गेल्या. तेथे त्यांनी काय पाहिले ते त्यांनीच आम्हांस सांगितले: लग्नात दाखविलेली अरुंधती त्यांना पन्नास वर्षांनी पुन्हा दिसली. मुलीचे घुबड पुढे पाच रात्रींच्या श्रमाने तयार झाले. त्याच चित्राच्या कोपऱ्यात एक तिरपी रेघ आहे; ती मेसिएच्या यादीतील १०८ वी दीर्घिका. अभ्रिका काही सहस्र प्रकाशवर्षांवर आणि दीर्घिका कोट्यवधी प्रकाशवर्षांवर, पण कागदावर दोघींत दोन बोटांचे अंतर.

आता मूळ प्रश्नास उत्तर. हबलचे चित्र फुकट मिळत असता हे कशासाठी? याचे पहिले उत्तर असे की, मोठ्या दुर्बिणी आकाशाचा फार थोडा भाग एका वेळी पाहतात आणि त्यांचा प्रत्येक तास आधीच वाटून दिलेला असतो. एका जागी शंभर तास बसून राहण्याची चैन हौशी मनुष्यासच परवडते. म्हणूनच २००८ च्या जुलैत हंस तारकासमूहात साबणाच्या फुग्यासारखी एक अतिमंद बिंबाभ्रिका डेव्ह जुरासेविच यास आपल्या छायाचित्रात सापडली. त्याच महिन्यात दुसऱ्या दोघा हौशी छायाचित्रकारांनीही ती स्वतंत्रपणे टिपली. देवयानी दीर्घिका तर आकाशातील सर्वाधिक छायाचित्रित वस्तूंपैकी एक. तरी तिच्या शेजारी प्राणवायूच्या प्रकाशातील, चंद्रबिंबाच्या तिप्पट लांबीची कमान पडलेली आहे, हे कोणासही ठाऊक नव्हते. ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या तिघा हौशी निरीक्षकांनी शंभर तासांहून अधिक प्रकाश साठवून ती उजेडात आणली, आणि शास्त्रज्ञांच्या सहकार्याने २०२३ च्या जानेवारीत तो शोध प्रसिद्ध झाला.

परंतु शोध प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही, आणि त्या आशेवर कोणी हा छंद धरू नये. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. गवयाची ध्वनिमुद्रिका घरात असताना आपण मुलांस गाणे शिकवितो ते कशासाठी? ऐकणे आणि गाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत म्हणून. ज्याने स्वतः पाच रात्री थेंब थेंब प्रकाश साठविला, त्यास प्राणवायूची रेषा, पृथ्वीची गती, वर्गमूळ आणि धीर या चारही गोष्टी पाठ न करता येतात. चाळीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून आम्ही एवढेच शिकलो की, जे हाताने केले ते बुद्धीतून सहसा जात नाही.

यासंबंधी तरुणांस मात्र एक इशारा. हल्ली संगणकाच्या साहाय्याने नसलेले तपशीलही चित्रात भरता येतात. यंत्रेच आता कल्पनेने घुबडास डोळे काढून देऊ लागली आहेत. रंग निवडणे ही कला आहे आणि ती मान्य आहे. हायड्रोजनास तांबडा व प्राणवायूस निळसर हिरवा रंग देण्यास तर आधारही आहे. परंतु जो तपशील पडद्यावर पडलाच नाही तो चित्रात घालणे म्हणजे खोटी साक्ष. चित्राखाली तारीख, स्थळ, एकूण वेळ, गाळणी आणि केलेले संस्कार स्पष्ट लिहावेत. अंधुक खरे चित्र हे झगझगीत खोट्या चित्राहून केव्हाही श्रेष्ठ.

ज्या घरात असा छंद नुकता उगवला असेल, त्यांनी एकदम मोठा खर्च करू नये. पहिले वर्ष नक्षत्रांचा नकाशा, एक वही आणि दहा पट मोठे दाखविणारी द्विनेत्री, एवढ्यावर काढावे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे 'ज्योतिर्विलास' ज्या पिढीने वाचले, तिच्यापाशी द्विनेत्रीही नव्हती. दुसऱ्या वर्षी कोणाच्या तरी दुर्बिणीशेजारी बसून काम शिकावे. वही दोन वर्षे टिकली, तर तिसऱ्या वर्षी चौघांत मिळून उपकरणे घ्यावी; आणि घेताना कॅमेऱ्याआधी बैठकीवर पैसा खर्चावा, कारण डळमळत्या बैठकीवर उत्तम भिंगही व्यर्थ. मुलगा आणि मुलगी असा भेद या बाबतीत करू नये. सोबतीची व्यवस्था करावी म्हणजे झाले.

आणि ज्या घरात हा छंद मुळीच नाही, त्यांच्याकडेही आमचे एक मागणे आहे. आपल्या गच्चीवर, फाटकावर अथवा अंगणात रात्रभर जळणारा जो दिवा असेल, त्याचे तोंड वर किंवा आडवे असल्यास ते खाली वळवावे, वर एक पत्र्याची टोपी बसवावी, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा घालावा आणि निजानीज झाल्यावर तो मालवावा. खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या पलीकडे नाही, आणि विजेच्या बिलात तो परत येतो. मंगल कार्यालयांच्या चालकांसही ही विनंती करता येईल: अरुंधतीदर्शनाच्या वेळी दर्शनी दिवे पाच मिनिटे मालवावेत. येत्या फाल्गुनी अमावास्येस प्रत्येक वाचकाने आपला दिवा खाली वळविला, तर गुढी उभारण्याच्या आदल्या रात्री शेजारच्या गच्चीवरील एखाद्या मुलास एक तारा अधिक दिसेल.